आधी दार लावा, मग विचारा

“तेव्हा मुंबईत होतो. दोन वर्षं गर्द ओढला, मग सुटला. त्याला आता आठ वर्षं झाली. हर्नियाचं ऑपरेशन ठरलंय, इथेच रत्नागिरीत. भूल देणारे डॉक्टर विचारणार, ‘काही व्यसन?’ शेजारी मेव्हणा उभा असणार. काय सांगू?”

विचारणारा माणूस मी चर्चेपुरता उभा केला आहे. त्याची अडचण मात्र खरी आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एम्स’च्या देशव्यापी पाहणीत भांग, गांजा, चरस यांपैकी काही ना काही घेणाऱ्यांची संख्या सुमारे ३ कोटी १० लाख आणि सुईने टोचून घेणाऱ्यांची साडेआठ लाखांच्या घरात आढळली. ऑगस्ट २०२३ मध्ये दापोलीच्या कर्दे-लाडघर किनाऱ्यावर चरसाची पाकिटे वाहून आली आणि पुढच्या काही दिवसांत कस्टमच्या लोकांनी या पट्टीतून दोनशे किलोहून अधिक चरस गोळा केला. तेव्हा हे दुखणे मुंबई-पुण्याचे, आपल्याकडे काही नाही, असे म्हणून सुटका नाही. जिथला घरटी एक माणूस मुंबईला राहून आलेला असतो, तिथे तर नाहीच. माझे उत्तर सरळ आहे: डॉक्टरांना सांगा. पण त्याला एक जोड आहे, आणि या लेखात मला तीच मांडायची आहे. खरे सांगण्याचे कर्तव्य रुग्णाचे असले तरी ते दुसरे येते. पहिले कर्तव्य विचारणाऱ्याचे: उत्तर कुठवर जाईल हे त्याने आधी सांगायला हवे.

“आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. आज तिचा ऑपरेशनशी काय संबंध?”

भुलीच्या मात्रेशी आता फारसा नाही, हे मान्य. संबंध येतो तो भूल उतरल्यावर. दुखणे सोसवेना झाले की ट्रामाडॉल किंवा मॉर्फिन, फेंटानिल अशी औषधे देतात, आणि ती गर्दाच्याच कुळातली आहेत. सुटलेल्या माणसाला त्यांची ओळख पुन्हा पटायला फार वेळ लागत नाही. डॉक्टरांना आधी ठाऊक असेल तर ते ऑपरेशनची जागा बधिर करून ठेवतात, पॅरासिटामॉलसारख्या औषधांवर भर देतात, आणि जड औषध लागलेच तर मोजून, ठरावीक दिवसांपुरते देतात. व्यसन परतू नये म्हणून नाल्ट्रेक्सोन चालू असेल तर ही वेदनाशामके लागूच पडत नाहीत. ब्युप्रेनॉर्फिन चालू असेल तर सगळा हिशेब वेगळा मांडावा लागतो. कधी सुई टोचून घेतली असेल तर हेपटायटिस सीची तपासणी हवी. हा आजार वर्षानुवर्षे गप्प राहून यकृत पोखरतो, पण आज बहुतेकांना १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बरे वाटते एवढेच नव्हे, तो मुळातून जातो. २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात हे उपचार मोफत आहेत. आणि सगळ्यांत गंभीर गोष्ट ही की व्यसन सुटल्यावर शरीराची सोसण्याची ताकद उतरलेली असते, म्हणून घसरलेला माणूस जुन्या मात्रेने दगावतो. ज्या डॉक्टरला तुमचा इतिहास माहीत आहे तोच हा इशारा वेळेवर देऊ शकतो. याचा अर्थ प्रत्येक डॉक्टरपुढे सगळे आयुष्य उलगडावे असा नाही. कॉलेजात एकदा ओढलेल्या गांजाची कबुली दात भरताना देण्याची काही गरज नाही. विचारलेल्या गोष्टीचा तुमच्या उपचाराशी संबंध काय, हे डॉक्टरांना विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे.

“आणि पोलिसांना कळलं तर?”

ही भीती समजण्यासारखी आहे, पण कायदा वाचल्यावर बरीचशी विरते. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम २७ प्रमाणे सेवन हा गुन्हा आहे आणि गर्दासाठी, म्हणजे हेरॉईनसाठी, जास्तीत जास्त शिक्षा एक वर्षाची आहे. इतक्या शिक्षेच्या गुन्ह्याची दखल न्यायालयाने घेण्याची मुदतही साधारणपणे एकच वर्ष असते. आठ वर्षे मागे पडलेल्या सेवनावर कोणी खटला भरायला बसलेले नाही. ज्या गुन्ह्यांची खबर देणे नागरिकाला बंधनकारक आहे, त्या यादीत सेवन नाही. उलट त्याच कायद्यातले कलम ६४अ स्वतःहून उपचाराला येणाऱ्या व्यसनी माणसाला संरक्षण देते. डॉक्टरांवर २००२ च्या आचारसंहितेचे बंधन आहे; २०२३ मध्ये नवे नियम आले ते त्याच महिन्यात स्थगित झाले. या संहितेप्रमाणे रुग्णाचे गुपित तीनच प्रसंगी उघड करता येते: न्यायाधीशांचा आदेश असेल तर, विशिष्ट व्यक्तीला किंवा समाजाला गंभीर आणि ओळखता येण्याजोगा धोका असेल तर, आणि कळवणे सक्तीचे असलेल्या रोगांबाबत. एक उणीव मात्र लपवून उपयोग नाही. अशिलाचे बोलणे कोर्टातही झाकून ठेवण्याची मुभा वकिलाला १८७२ च्या पुरावा कायद्यात होती, ती २०२३ च्या साक्ष्य अधिनियमातही आहे. डॉक्टरला ती तेव्हाही नव्हती, आजही नाही.

“पोलीस लांब राहिले हो. मी घाबरतो गावाला. केसपेपर कंपाउंडर वाचतो, लॅबवाला वाचतो. उद्या पोरीची सोयरीक जुळवताना कोणीतरी हळूच बोलणार.”

इथे मी त्याला सहज उत्तर देऊ शकत नाही, आणि देऊही नये. शिस्तभंगाची कारवाई महाराष्ट्र वैद्यक परिषद करते ती डॉक्टरवर. कंपाउंडर किंवा वॉर्डबॉय तिच्या कक्षेत येत नाही. लहान गावात गुपित फुटते ते बहुतेक वेळा याच वाटेने. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एक खटला आला होता. रक्तदानाच्या निमित्ताने एका माणसाचा एचआयव्ही उघड झाला, ती बातमी रुग्णालयातून बाहेर गेली आणि त्याचे ठरलेले लग्न मोडले. न्यायालयाने रुग्णालयाला दोष दिला नाही, कारण जिच्याशी लग्न व्हायचे होते तिच्या जिवाला धोका होता. त्या निकालावर मतभेद राहिले. पुढे २०१७ च्या ऑगस्टमध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्याच वर्षी एचआयव्हीचा स्वतंत्र कायदा झाला आणि मानसिक आरोग्याच्या नव्या कायद्यात कलम २३ ने गोपनीयता हक्क म्हणून आली. त्या कायद्याच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थाही धरल्या आहेत. म्हणजे रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात व्यसनावर उपचार घेणाऱ्याच्या पाठीशी एक स्पष्ट कायदा उभा आहे. हर्नियाच्या केसपेपरवर लिहिलेला ‘गर्द’ हा शब्द बराचसा डॉक्टरच्या सभ्यतेवर सोडलेला आहे. ही तफावत मला चुकीची वाटते. जोवर ती आहे तोवर एकट्या रुग्णाला ‘खोटे का बोललास’ म्हणून दटावण्याचा अधिकार कोणालाही नाही.

गुपित राखणे ही रुग्णावरची मेहेरबानी नव्हे. चरकाच्या विमानस्थानात वैद्य होणाऱ्याला जी शिकवण दिली आहे, तिच्यात रोग्याच्या घरातली गोष्ट बाहेर काढायची नाही, हे आहे. अमेरिकेत साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटन गावच्या सरकारी रुग्णालयाने गरोदर बायकांची लघवी त्यांना न विचारता कोकेनसाठी तपासली आणि निकाल पोलिसांना दिले; काही बायकांना अटकही झाली. २००१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हे घटनाबाह्य ठरवले. मुळात बाळाच्या काळजीपोटी आखलेले हे धोरण होते. पण जिथे तपासायला जावे तिथून बेडी पडते हे कळल्यावर कुठली बाई तपासायला जाईल? आपल्याकडे १९८६ साली अनिल आणि सुनंदा अवचटांनी पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, तेव्हा गर्दाची लाट नुकतीच घरांत शिरत होती. व्यसनी माणूस आपण होऊन दाराशी येतो, तो आपली अब्रू आत सुरक्षित राहील एवढ्या भरवशावर.

“मग विम्याच्या फॉर्मवरही खरं लिहू? आणि आखातात नोकरीला जाताना मेडिकल करतात, तिथे?”

इथे माणसे फार गल्लत करतात. उपचार करणारा डॉक्टर तुमचा असतो. आखातासाठी किंवा जहाजावर चढण्यासाठी तपासणारा डॉक्टर दुसऱ्या कोणाला तरी अहवाल देण्यासाठी बसलेला असतो. ‘हा अहवाल कोणाकडे जाणार?’ हे त्याला तोंडावर विचारावे. विम्याचा प्रस्ताव हा तर करारच आहे. तिथे विचारलेली महत्त्वाची गोष्ट दडवली तर दावा नाकारला जाऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये स्पष्ट केले आहे. व्यसनावरचा खर्च आरोग्यविम्यातून वगळण्याची तरतूदही चालू आहे. या अडचणीमुळे डॉक्टरशी खोटे बोलणे मात्र समर्थनीय ठरत नाही. विमा नाकारला जाणे हे नुकसान आहे. चुकीचे औषध अंगात जाणे हे वेगळ्या प्रतीचे नुकसान आहे.

उलट बाजूने डॉक्टरही एक प्रश्न विचारतील, आणि तो रास्त आहे: समोरचा माणूस एसटी चालवतो, किंवा मिरकरवाड्याच्या ट्रॉलरवर तांडेल आहे आणि आजही नशा करतो, तर गप्प बसायचे का? नाही. आधी त्याला काम थांबवून उपचार घ्यायला लावायचे, आणि तो ऐकत नसेल तर संहितेतला दुसरा अपवाद त्याच्यासाठीच आहे. पण तो अपवाद चालू असलेल्या, कोणाच्या तरी जिवावर उठलेल्या धोक्याचा आहे. आठ वर्षांपूर्वीच्या गर्दाला तो लावता येत नाही, आणि लावायचा असेल तेव्हाही प्रश्न विचारण्याआधी रुग्णाला त्याची कल्पना द्यायला हवी. कबुली काढून घेऊन मग नियम दाखवणे हा विश्वासघातच.

“ठीक. प्रत्यक्षात करू काय?”

काउंटरवरच्या छापील कागदात व्यसनाच्या रकान्यासमोर ‘डॉक्टरांशी बोलेन’ एवढेच लिहा. आत गेल्यावर ‘दोन मिनिटं एकट्याशी बोलायचंय’ म्हणा. मेव्हण्याला बाहेर थांबा म्हणण्याचे काम डॉक्टरांचे आहे, तुमचे नाही. काय घेतले, किती काळ, सुईने की ओढून, शेवटचे कधी, आता कुठली गोळी चालू आहे, हे सांगा. केसपेपरवर काय लिहिणार ते विचारा. भुलीच्या नोंदीत वैद्यकीय गरजेपुरते लिहून भागते.

“आणि ते म्हणाले, वेळ नाही, इथेच सांगा, तर?”

तर गर्दाचे नाव न काढता म्हणा, ‘ट्रामाडॉल, मॉर्फिन असलं काही मला द्यायच्या आधी माझ्याशी बोला, मला ती औषधं जपून द्यावी लागतात.’ भूलतज्ज्ञाला तेवढ्यावर कळते.