वखारीमागची दोन रोपं

गलबतांच्या दिवसांतली गोष्ट. मुंबई बंदराजवळच्या एका वखारीमागे मोठं आवार होतं. ते सांभाळायला एक माळी होता.

पावसाळ्याच्या तोंडावर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून एक गलबत आलं. त्यातला एक खलाशी तापानं फणफणला होता. माळ्याच्या बायकोनं त्याला आठवडाभर पेज पाजली. जाताना त्यानं माळ्याच्या हातावर एक लवदार, टणक फळ ठेवलं. आतला आंबटसर पांढरा गर मुलानं खाल्ला. बी फार कठीण होती. माळ्यानं ती दगडावर घासली आणि कोपऱ्यात लावली.

त्याच पावसात शेटनं बंगल्याच्या बागेतून टणटणीची रोपं पाठवली. तीही परदेशीच, अमेरिकेकडची. वर्षभरात दाट कुंपण झालं. गुलाबी-पिवळ्या फुलांवर फुलपाखरं आली, येणारा-जाणारा थांबून बघू लागला.

कोपऱ्यातल्या रोपाकडे कोणी पाहिलं नाही. हिवाळ्यात त्याची पानं गळली, नुसती काठी उरली.

"मेलंय ते, उपटून टाक," शेट म्हणाले.

माळ्यानं नखानं साल खरवडली. आत हिरवं होतं. "जिवंत आहे, शेट. राहू द्या."

वर्षं गेली. टणटणीची काळी फळं बुलबुलांनी खाल्ली आणि बिया आवारभर टाकल्या. तिच्याखाली गवत उगवेना. तिचा पाला खाऊन गवळ्याची गाय आजारी पडली, तेव्हापासून त्यानं गुरं आणणं बंद केलं. माळ्याचा मुलगा कोयत्यानं झुडपं तोडायचा, पण पाऊस पडला की प्रत्येक खुंटाला नवे धुमारे फुटायचे.

कोपऱ्यातलं झाड सावकाश वाढलं. एकेरी पानांच्या जागी पाच-पाच दलांची पानं आली, खोड रांजणासारखं फुगलं. ते गोरखचिंचेचं झाड होतं. बऱ्याच वर्षांनी, मृगाच्या सुमारास, एका रात्री त्यावर पांढरं फूल उलटं लटकून उमललं. वटवाघळं आली. सकाळी फूल खाली पडलेलं होतं. पुढे फळं धरली. कोळी त्यांची सुकी कवचं जाळ्याला बांधायला नेऊ लागले, बायका गराचं सरबत करू लागल्या. झाडाखाली गवत होतं, बुंध्याशी टाकळाही उगवायचा.

शेटचा मुलगा कारभार पाहू लागला. पसरलेली टणटणी पाहून तो संतापला. "बाहेरून आणलेलं सगळं काढा. ते कोपऱ्यातलं झाडसुद्धा."

माळी आता म्हातारा झाला होता. तो म्हणाला, "बाहेरून दोन्ही आली, धाकटे शेट. पण त्या झाडानं कोणाची जागा घेतली, ते आधी दाखवा."

धाकट्या शेटनं झाडाभोवती एक फेरी मारली. मग कुदळी टणटणीलाच लागल्या.

समुद्र दोघांनी ओलांडला होता. एकानं शेजाऱ्यांना जगू दिलं, दुसरीनं दिलं नाही. माळ्यानं गाव विचारलं नाही, वागणं पाहिलं. मला त्याचा न्याय योग्य वाटतो. गोरखचिंच आजही वसईच्या किल्ल्यात आणि भायखळ्याच्या राणीच्या बागेत उभी आहे. टणटणी सह्याद्रीच्या उतारांवर आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत पसरली आहे. तुमच्या आवारात ती दिसली तर नुसती छाटू नका. फळं धरण्याआधी मुळासकट खणून काढा, आणि पुढच्या पावसात उगवलेली रोपंही उपटा.