सवलतीत न बसणारा कोपरा

गृहस्थाला आमच्या जैन धर्मात मोठी सवलत आहे. ठरवून केलेली ती संकल्पी हिंसा; ती वर्ज्य. चूल पेटवताना, केर काढताना होते ती आरंभी, शेतीधंद्यात होते ती उद्योगी. या दोन्ही जमेल तेवढ्या कमी करायच्या, बस्स. आम्हा सांगलीकडच्या शेतकरी जैनांचा सगळा संसारच या सवलतीवर उभा. नांगराखाली गांडूळ येणारच.

मला अडतं ते इथं मुंबईत, दुधाच्या पिशवीपाशी. कात्रीनं उडवलेला नखाएवढा कोपरा ओट्यावरून केरात, केरातून घंटागाडीत जातो आणि बहुधा आमच्या चेंबूरशेजारच्या देवनारला पोचतो. 1927 पासून मुंबईचा कचरा तिथं पडतोय. उन्हानं प्लास्टिक ठिसूळ होतं, तुटतं. पाच मिलिमीटरच्या आत आलं की ते मायक्रोप्लास्टिक. पुढंही तुटत राहतं, कुजत मात्र नाही. जुन्या डम्पिंगचे ढीग आता उकरतात, फिरत्या चाळणीतून काढतात. भोकातून खाली पडली ती माती, असा हिशेब. तुकडेही त्याच भोकातून पडतात.

आणि मातीत गांडूळ असतं. आमच्या गणतीत ते द्वींद्रिय: स्पर्श आणि रसना, म्हणजे चव. नेदरलँड्सच्या वाखेनिंगेनमधल्या संशोधकांनी 2016 मध्ये पॉलिथिनची पूड मिसळलेला पालापाचोळा गांडुळांना दिला. रसना असूनही त्यांनी तो खाल्ला. पुडीचं प्रमाण फार वाढवलं तेव्हा त्यांची वाढ खुंटली, मेलीही जास्त.

आमचे पंडितजी म्हणतात, "ताई, हेतू नाही ना? मग ती आरंभीच." मला पटत नाही. केरसुणीखाली मुंगी मेली तर ती हिंसा तिथंच घडली आणि संपली. संध्याकाळी दिवसभराच्या चुका आठवून प्रतिक्रमणाला बसता येतं. सवलत अशा हिंसेला दिलेली. हा कोपरा माझ्यामागंही मातीत राहणार, त्याचं प्रतिक्रमण कुठल्या संध्याकाळी करायचं? आणि घंटागाडीनं नेला ही पळवाट चालत नाही. स्वतः केलेलं, करवलेलं, संमती दिलेलं, तिन्ही आपल्याच खात्यावर.

मुनींना उत्सर्ग समितीचा नियम आहे: मलमूत्रसुद्धा जीव नसलेली जागा पाहूनच टाकायचं. त्यांच्याजवळ पिंछी आणि कमंडलू, टाकायला असतं काय? टाकायचं सगळं आमच्याकडं आणि नियम त्यांना! गृहस्थालाही ही समिती का सांगत नाही, असं मी पंडितजींना विचारलं. ते म्हणाले, "मग दूध कशात आणणार?"

प्रश्न रास्त आहे. सध्या तबेल्यावरून किटलीत आणते. लांब पडतं, घरात कुरकुर चालते. तेल, डाळी आणि सासूबाईंची औषधं अजून प्लास्टिकमधूनच येतात.