अकरा मारुतींची पायवाट

॥ श्रीराम समर्थ ॥

तीर्थास पोहोचणे वेगळे आणि तीर्थ घडणे वेगळे. पहिले वाहनाने साधते. दुसऱ्यास पावले झिजवावी लागतात.

समर्थ रामदासस्वामींनी (१६०८-१६८२) टाकळीस बारा वर्षे तप केले, पुढे बारा वर्षे पायी तीर्थाटन केले आणि मग ते कृष्णाकाठी आले. त्यानंतरच्या सुमारे दहा वर्षांत त्यांनी या परिसरात अकरा मारुती स्थापिले. सातारा जिल्ह्यात शहापूर, मसूर, उंब्रज, माजगाव, शिंगणवाडी व चाफळचे दोन. सांगली जिल्ह्यात बहे व शिराळा. कोल्हापूर जिल्ह्यात मनपाडळे व पारगाव.

एकच भव्य मंदिर न उभारता ही स्थाने गावोगावी का विखुरली? याचे उत्तर चालणाऱ्यास वाटेवरच मिळते. शहापूरचा चुन्याचा मारुती, माजगावच्या वेशीवरील पाषाणातला मारुती, पारगावची जेमतेम दीड फुटांची मूर्ती! ज्या गावाजवळ जे होते, त्यातूनच बलोपासना उभी राहिली. भाविक देवाकडे निघण्यापूर्वी देव गावाकडे चालत आला होता.

म्हणून अकरा हा आकडा पुरा करण्याची घाई भाविकाने करू नये. वाहनातून दोन दिवसांत अकरा दर्शने होतात. परंतु उसाच्या शिवारातील वाट, ओढ्याकाठची सावली आणि अनोळखी ओसरीवर मिळालेले तांब्याभर पाणी मागेच राहते. चालणाऱ्याचा अहंकार प्रथम थकतो, पाय नंतर.

बहे येथील मारुती कृष्णेच्या पात्रातील बेटावर आहे. प्रभू रामचंद्र शिवपूजेत मग्न असता नदीस पूर आला; तेव्हा हनुमंताने बाहू पसरून प्रवाह दुभंगला, अशी आख्यायिका आहे. आजही महापुरात बेटाची वाट बंद होते. कित्येक कोस चालून आलेला यात्रिक अशा वेळी काठावर उभा राहतो. दहा दर्शने झाली, अकरावे राहिले. मग यात्रा खंडित झाली काय?

मुळीच नाही. पाण्यात उतरण्याचे साहस म्हणजे भक्ती नव्हे. ज्याच्या अंगी अफाट बळ होते, तो रामापुढे सदैव हात जोडूनच उभा राहिला. बळाला विनयाची जोड मिळते, तेव्हाच त्याची उपासना होते. काठावरून केलेला नमस्कार बेटापर्यंत पोहोचतो. पाणी ओसरल्यावर पुन्हा येण्याचा संकल्प हीच त्या दिवसाची अकरावी पूजा.

॥ जय जय रघुवीर समर्थ ॥