सेनापती का काढला?

गोळेगाव, लेण्याद्री पायथा
ता. जुन्नर

चि. बाळास अनेक आशीर्वाद,

खडकवासल्याहून धाडलेलं तुझं पत्र पोचलं. १९४१ च्या हिवाळ्यात हिटलरनं घरी बसवलेल्या सेनापतींची यादी तू उतरवून पाठवलीस आणि खाली विचारलंस, ‘आजोबा, लढाईत कमी पडलेल्या सेनापतीला काढलं तर त्यात वावगं काय?’

वावगं काहीच नाही. ज्याच्या एका हुकमावर हजारो पोरं जिवाला मुकतात, त्याच्याबाबतीत भीड धरून चालत नाही. जमत नसेल तर बाजूला करावंच लागतं. पण त्याला काढलं हे वाचून थांबू नकोस. नेमकी कशाची शिक्षा झाली ते शोध. शिक्षा एकाला होते, धडा मात्र बाकीचे सगळे घेतात. पुढच्या लढाया त्या धड्यावर लढल्या जातात.

तुझ्या यादीतलाच माणूस घे. रुंडश्टेटनं रोस्टोव्हमधून माघार घ्यायची ठरवली. हिटलरनं नाही म्हटलं, यानं ऐकलं नाही, आणि १ डिसेंबर १९४१ ला तो पदावरून गेला. त्याच्या जागी आलेल्या माणसालाही तीच माघार घ्यावी लागली. नाताळच्या सुमारास गुडेरियान गेला. ८ जानेवारी १९४२ ला ह्योपनरची पाळी आली. मॉस्कोसमोरच्या बर्फात वेढल्या जाणाऱ्या आपल्या तुकड्या त्यानं वरून परवानगी येण्याआधीच मागं घेतल्या होत्या. त्याला बडतर्फ केलं, गणवेश घालायची बंदी केली, निवृत्तिवेतन तोडलं. ह्योपनर कोर्टात गेला आणि निवृत्तिवेतनाचा दावा जिंकलाही. क्रिमियातल्या केर्चमधून आपली डिव्हिजन बाहेर काढणाऱ्या श्पोनेकला तर लष्करी न्यायालयानं मृत्युदंड दिला. तो पुढं कैदेवर आणला गेला, पण १९४४ च्या जुलैत त्याला गोळ्या घातल्याच.

या लोकांबद्दल मला कणव वाटत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. रशियावर चाल करण्याआधी याच ह्योपनरनं आपल्या सैन्याला दयामाया न दाखवण्याचे हुकूम काढले होते. अन्यायाच्या लढाईतले ते भागीदारच होते. पण तुझा प्रश्न सेनापतीच्या कामाचा आहे, आणि तेवढ्यापुरतं बघितलं तर यातल्या बहुतेकांना समोर दिसलं ते खरं सांगितल्याची शिक्षा झाली. उरलेल्यांनी त्यातून काय घेतलं? पुढच्याच हिवाळ्यात पाउलुस स्टालिनग्राडला वेढ्यात सापडला. वेढा पक्का होण्याआधी बाहेर पडावं असं त्याच्या हाताखालचे सांगत होते. त्यानं परवानगी मागितली, ती मिळाली नाही, आणि तो बसून राहिला. ३१ जानेवारी १९४३ ला तो शरण गेला. जवळजवळ ९० हजार माणसं कैद झाली, आणि त्यातली फारच थोडी घरी परतली.

याच जर्मनांचं १९१४ मधलं उदाहरण वेगळं आहे. पूर्व प्रशियात आठव्या सैन्याचा सेनापती प्रिटविट्झ घाबरला आणि व्हिस्टुला नदीमागं हटायचं बोलू लागला. त्याला तडकाफडकी काढून हिंडेनबुर्ग आणि लुडेनडोर्फला पाठवलं. आठवड्याभरात टॅननबर्गची लढाई जिंकली गेली. सैन्य तेच होतं, आणि हालचालींचा बराचसा आराखडा प्रिटविट्झच्याच कचेरीतल्या हॉफमन नावाच्या अधिकाऱ्यानं आधीच केलेला होता. इथं माणूस बदलणं बरोबर होतं, कारण धीर सुटला होता तो वरच्याच माणसाचा.

आता आपल्या मुलखात ये. लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून गिरिजात्मजाच्या ओवरीत उभं राहिलं की कुकडीचं खोरं आणि पलीकडं शिवनेरी दिसतो, ते तुला नव्यानं सांगायला नको. १६५७ च्या उन्हाळ्यात शिवाजी महाराजांची माणसं दोराच्या शिड्या लावून रातोरात या जुन्नर शहरात उतरली आणि तीन लाख होन, दोनशे घोडे घेऊन गेली. तेव्हा दख्खनचा सुभा औरंगजेबाकडं होता. त्यानं आपल्या ठाणेदारांना गाफीलपणाबद्दल फैलावर घेतलं, आणि सावकाश कूच करणाऱ्या नसीरी खानाला कडक शब्दांत खडसावलं. खान हलला. अहमदनगरकडं येऊन त्यानं महाराजांच्या फौजेला मागं रेटलं. आळस हा दोष असेल तर खरमरीत पत्रानं काम होतं.

जुन्नरहून पुण्याच्या वाटेवर चाकण लागतं. आज तिथं कारखाने दिसतात, संग्रामदुर्गाची थोडीच तटबंदी उरलीय. १६६० च्या पावसाळ्यात शायिस्ताखानानं हा भुईकोट वेढला. आत फिरंगोजी नरसाळा मूठभर माणसांनिशी जवळजवळ दोन महिने झुंजला. शेवटी सुरुंगानं बुरूज उडाला आणि किल्ला द्यावा लागला. किल्लेदारानं किल्ला गमावला, हिशेबाच्या वहीत एवढंच दिसेल. महाराजांनी त्याचा सन्मान केला. हा निर्णय मला फार मोठा वाटतो. पुढं ज्या ज्या किल्लेदारानं दरवाजा लावून घेतला असेल, त्याला ठाऊक होतं की शर्थ केली तर हरल्याबद्दल मान कापली जाणार नाही.

शायिस्ताखानाचं काय झालं ते जाता जाता बघ. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री लाल महालात त्याची बोटं तुटली आणि औरंगजेबानं त्याला भेटही न देता बंगालला लावलं. तेव्हा बंगालची बदली ही शिक्षाच होती. तिथं याच माणसानं १६६६ मध्ये चितगाव जिंकून दिलं.

आता नेतोजी पालकरांचं प्रकरण. यात मला घाईनं लिहायचं नाही.

नेतोजी स्वराज्याचे सरनोबत होते. अफजलखान पडल्यावर त्याच्या फौजेवर तुटून पडलेले, विजापूरच्या मुलखात धुमाकूळ घातलेले, लोकांनी प्रतिशिवाजी म्हटलेले. १६६५ च्या जूनमध्ये पुरंदरचा तह झाला, २३ किल्ले गेले, आणि तहाच्या अटीप्रमाणे महाराज मिर्झाराजे जयसिंगाच्या बाजूनं विजापुरावर निघाले. मन नसलेली मोहीम होती ती. तिकडं जयसिंगाचं विजापूरपुढं काही चालेना, म्हणून महाराजांनी पन्हाळा घेऊन दाखवायचं ठरवलं. १६ जानेवारी १६६६ च्या पहाटे, अंधार असतानाच हल्ला चढवला. गडावरचे लोक जागे होते. महाराजांची हजारेक माणसं कामी आली किंवा जखमी झाली, आणि त्यांना खेळण्याकडं म्हणजे विशाळगडाकडं हटावं लागलं. नेतोजींनी कुमक घेऊन वेळेवर यायचं होतं. ते आले नाहीत.

महाराजांनी त्यांची सरनोबती काढली. सभासद बखरीत कारण दिलंय ते एवढंच, की ते वेळेला पोचले नाहीत.

राग रास्त होता. रात्रीच्या हल्ल्यात उशिरा येणं आणि न येणं सारखंच, हे तुला कवायतीच्या मैदानावरही शिकवत असतील. पण पुढचे तीन महिने बघ. नेतोजी विजापूरकरांना मिळाले. चार लाख होनांवर, असं जयसिंगाच्या पत्रात आहे. मग जयसिंगानंच पाच हजारी मनसब देऊन त्यांना मोगलांकडं ओढलं. त्याच वर्षी ऑगस्टात महाराज आग्र्याहून निसटले आणि औरंगजेबानं नेतोजींना कैद करवलं. १६६७ मध्ये धर्म बदलून त्यांना मुहम्मद कुली खान केलं आणि काबूलच्या मोहिमेवर धाडलं. स्वराज्याचा पहिल्या प्रतीचा घोडदळाचा सरदार नऊ-दहा वर्षं परक्यांसाठी परक्या डोंगरांत राबला.

सगळं आधीच ठरवलेलं नाटक होतं, असं मानणारे अभ्यासक आहेत. मला ते पटत नाही. जयसिंगाची पत्रं वाचली की त्यात एका दुखावलेल्या माणसाला दोन दरबार कसे बोली लावून खेचत होते ते दिसतं. कर्तबगार माणसाला पदावरून उतरवलं की तो त्याच दिवशी शत्रूच्या बाजारात उभा राहतो, आणि त्याला आपल्याच अंगणात ठेवायची सोय बडतर्फीच्या हुकमाबरोबरच करावी लागते. त्या जानेवारीत ती झाली नाही. महाराज स्वतःच तहाच्या जोखडाखाली होते, हेही खरं.

१६७६ मध्ये नेतोजी परत आले. महाराजांनी त्यांना शुद्ध करून पुन्हा घरात घेतलं. ज्या राजानं काढलं त्यानंच दार उघडलं. मी शाळेत चौतीस वर्षं इतिहास शिकवला तेव्हा या प्रसंगाला पुस्तकात दोन ओळीच असायच्या, आणि मी तास मुद्दाम तिथंच लांबवायचो.

नेतोजींनंतर सरनोबत झाले कडतोजी गुजर, म्हणजे प्रतापराव. १६७२ च्या साल्हेरच्या विजयात त्यांचा मोठा वाटा. १६७३ च्या एप्रिलात त्यांनी जतजवळ उमराणीला बहलोलखानाला गाठलं आणि पाणवठा अडवला. त्या महिन्यात तिकडचं ऊन कसं असतं ते तू पाहिलंयस. तहानेनं हैराण झालेला खान पदर पसरून गयावया करू लागला आणि प्रतापरावांनी त्याला वाट दिली. महाराजांना ते रुचलं नाही. काही महिन्यांत खान पुन्हा मुलखात शिरला, आणि महाराजांनी प्रतापरावांना कळवलं की बहलोलखानाचा मोड केल्याशिवाय तोंड दाखवू नका.

इथं सरनोबती काढली नाही. नेतोजींच्या वेळचा अनुभव गाठीशी होता म्हणून असेल. पण हा निरोप घेऊन तो माणूस महिनोन्‌महिने रानात फिरत होता. २४ फेब्रुवारी १६७४ ला गडहिंग्लजजवळ नेसरीच्या खिंडीत खान येतोय असं कळलं, तेव्हा प्रतापराव फौजेची वाट न बघता सहा स्वारांनिशी धावून गेले. सातही जण पडले. त्यांच्या शौर्याचे गोडवे आपण गातो आणि गावेतच. तरी सेनाशास्त्र शिकणाऱ्या पोरीनं हेही बघावं, की ती दौड लढाईच्या हिशेबात बसत नव्हती. फौज मागं होती, सरनोबत पुढं. बोल इतका खोल लागलेला होता की हिशेब करायला मन जागेवर राहिलं नाही. महाराजांना याचं फार दुःख झालं, असं सभासदानं नोंदवलंय. राज्याभिषेकाला साडेतीन महिने उरले होते. हंसाजी मोहित्यांना हंबीरराव किताब देऊन सरनोबती दिली गेली. पुढं १६८० मध्ये महाराजांनी प्रतापरावांच्या मुलीला, जानकीबाईंना, राजारामासाठी सून करून आणलं. मला तरी त्या लग्नात नेसरीची आठवण दिसते.

शेवटी वडगाव, कारण तिथं बडतर्फी जशी हवी तशी झाली, आणि ती आपल्या शत्रूनं केली. १७७८ च्या नोव्हेंबरात मुंबईकर इंग्रज राघोबादादाला पेशवा करायला निघाले. साडेतीन-चार हजारांची फौज, आणि सामान ओढायला १९ हजार बैल! कर्नल एगर्टन आजारी, त्याच्या डोक्यावर कार्नॅक हा मुलकी माणूस, दोघांचं पटेना. घाट चढून आल्यावर खंडाळ्यापासून कार्ल्यापर्यंतचे आठ मैल सरकायला त्यांना अकरा दिवस लागले. महादजी आणि नाना फडणीस हवे तेवढे दिवस त्यांना खेळवत राहिले. ४ जानेवारी १७७९ ला कार्ल्याला कॅप्टन स्ट्युअर्ट पडला, ज्याला आपले लोक इष्टुर फाकडा म्हणत. एगर्टननं सूत्रं कॉकबर्नकडं दिली. ९ तारखेला फौज तळेगावला पोचली तर गाव आपल्या लोकांनीच जाळून मोकळं केलेलं, वैरण-दाणा काही नाही. पुणं वीसेक मैलांवर होतं. ११ च्या रात्री त्यांनी जड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलल्या आणि माघारी निघाले. मराठ्यांना चाहूल लागलेलीच होती. वडगावला ते कोंडले गेले आणि त्यांना तह लिहून द्यावा लागला.

पिछाडी सांभाळत होता कॅप्टन हार्टले. माघार घेऊ नका असं त्यानं आधी सांगितलं होतं. वडगावात कॉकबर्न म्हणाला की इथून फौज बाहेर निघणं अशक्य आहे, तेव्हाही हार्टलेनं मी काढून दाखवतो म्हटलं. कंपनीच्या संचालकांनी चौकशीअंती एगर्टन, कॉकबर्न आणि कार्नॅक या तिघांना नोकरीतून काढलं. मुलकी माणूस वरचा होता म्हणून सुटला नाही, हे लक्षात घे. आणि १७८० च्या डिसेंबरात वज्रेश्वरीकडं दुगाडला आपल्या रामचंद्र गणेशांच्या फौजेसमोर कोण उभा होता? हार्टले. रामचंद्र गणेश तिथं पडले. आपण वडगावचा विजय साजरा करतो, पण वडगावनंतर इंग्रजांनी आपल्या घरात जी झाडलोट केली ती आपल्या शाळांत कुणी शिकवत नाही, याची मला खंत आहे.

दिवाळीच्या सुट्टीत आलीस की वडगावला जाऊ, तुझ्या वडिलांना गाडी काढायला सांगतो. तोवर एक काम कर. १६ जानेवारी १६६६ ची पन्हाळ्याची रात्र नकाशावर मांड. वाटा, अंतरं, अंधार, घोड्यांची चाल, सगळं धर. मग नेतोजींच्या जागी बसून महाराजांना अर्ज लिही, उशीर का झाला याचा. एकही सबब न घालता. लिहून झाला की मला पाठव.

तुझी आजी आशीर्वाद सांगते. बाकी क्षेम.

तुझा
आजोबा