शाबुओथ आणि रक्ताची परीक्षा



शाबुओथच्या सणाला रूथचे पुस्तक वाचतात. यंदा ते ऐकताना आमच्या मनात वेगळाच विचार घोळत होता. 2016 साली आपल्या 18 माणसांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्यात यहुदी व भारतीय, दोन्ही वंश मिसळले आहेत असे त्यात दिसले. पुष्कळांना आनंद झाला. आम्हांलाही झाला, खोटे कशाला बोलावे?

पण मग 1964 साल आठवले. लग्नासाठी आपल्या पूर्वजांची चौकशी होई, म्हणून आपली माणसे यरुशलेमात धरणे धरून बसली. त्यांच्या हाती कोणती प्रयोगशाळा होती? कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवला, आठव्या दिवशी सुंता केली, शेमा विसरलो नाही, एवढाच पुरावा!

इस्राएलच्या 2000 सालच्या कायद्याने नात्याची जनुकीय चाचणी न्यायालयाच्या हुकमाशी बांधली. तरी 2019 साली, पूर्वीच्या सोव्हिएट देशांतून आलेल्या काही कुटुंबांना यहुदीपण सिद्ध करण्यासाठी रब्बींच्या न्यायालयांकडून अशी चाचणी सांगितली जाते, ही तक्रार गाजली. त्यांचे दुःख आपल्यावाचून कोणाला कळणार? रोग ओळखण्यासाठी रक्त खुशाल द्यावे. वेशीत शिरण्यासाठी ते कोणी मागू नये.

रूथ मवाबी होती, हे शास्त्र लपवीत नाही. बोअज वेशीवर दहा वडीलधाऱ्यांना घेऊन बसला. त्यांनी तिचे रक्त तपासले नाही. ती राहेल व लेआ यांच्यासारखी होवो, असा आशीर्वाद दिला. दावीद राजा तिचाच पणतू.