चालत्या चाकांची रेषा

जुनी टाटा ४०७ सपाट फरशीवर उभी करा. मागच्या चाकांना दगड लावा, इंजिन निवू द्या आणि घटकाभर पुढच्या चाकांसमोर नुसते बसा.

१९८६मध्ये आलेल्या या गाडीचा पुढचा अॅक्सल म्हणजे एकसंध घडीव पोलाद, स्प्रिंगच्या पाट्यांवर बसवलेलं. म्हणूनच चाकांचं अलाइनमेंट घरी करता येतं. कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, अॅक्सलच्या घडणीतच ठरून गेलेला असतो. कॅस्टरसाठी, म्हणजे चाक ज्या किंग पिनभोवती वळतं तिच्या पुढे-मागे कलासाठी, पाट्याखालच्या पाचरी बदलाव्या लागतात. त्याला आज हात लावू नका. उरतो टो. दोन्ही चाकं पुढच्या अंगाला एकमेकांकडे किती वळली आहेत, एवढाच प्रश्न.

आता टायरच्या नक्षीवरून तळवा आडवा फिरवा, बाहेरून आत आणि मग आतून बाहेर. आत जाताना गुळगुळीत आणि बाहेर येताना धारदार लागलं, तर टो-इन जास्त आहे. उलट लागलं, तर चाकं फाकली आहेत. पुन्हा फिरवा. गाडी आजवर कशी धावली ते रबरावर लिहिलेलं आहे, आणि ते वाचायला घाई चालत नाही.

मापाआधी ढिलाई शोधा. चाक जॅकवर उचला, अॅक्सलखाली स्टँड द्या. वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग ढिलं, राहिला तर किंग पिन झिजलेली. डावी-उजवीकडे हललं तर दोन्ही चाकं जोडणाऱ्या टाय रॉडचे सांधे पाहा. झिजलेल्या सांध्यांवर घेतलेलं माप टिकत नाही. हे काम आधी, मग टेप.

टायरमध्ये दोन्हीकडे सारखी हवा भरा. उचललेलं चाक फिरवत नक्षीच्या मध्यावर खिळ्याने बारीक रेघ ओढा. गाडी खाली घ्या, मागचे दगड काढून थोडी पुढे ढकला, म्हणजे पाटे बसतील. स्टिअरिंग सरळच हवं. वळणावर आतलं चाक जास्त वळतं आणि टो बदलतो. म्यूनिकच्या गेओर्ग लांकेनश्परगरने घोडागाडीसाठी काढलेली ही युक्ती, रुडोल्फ आकरमानने १८१८मध्ये इंग्लंडमध्ये पेटंट केलेली, तुमच्या ४०७मध्येही आहे. अॅक्सलच्या उंचीवर पुढच्या बाजूला रेघेवर खडूची खूण करा, तिथून ओळंबा सोडा आणि फरशीवर अंतर मोजा. मग चाक अर्धा फेरा पुढे जाऊ द्या. त्याच खुणा मागे आल्या की पुन्हा मोजा. गाडी मागे ढकलू नका.

इथे थांबा. पुढचं माप मागच्यापेक्षा किंचित कमी भरायला हवं. दोन्ही तंतोतंत सारखी करण्याचा मोह होईल, तो आवरा. मागची चाकं गाडी पुढे ढकलतात, रस्ता पुढच्या चाकांना मागे रेटतो. चाक किंग पिनच्या बाहेरच्या अंगाला असल्यामुळे त्या रेट्याने ते फाकतं, आणि सांध्यांतली बारीक फट त्याला वाव देते. तेवढं फाकणं आधीच आतल्या बाजूला जमा ठेवायचं. तुम्ही जी सरळ रेषा शोधताय ती या फरशीवर नाही. ती गाडी धावू लागल्यावरच जुळते. उभ्या चाकांकडे पाहत तिचा विचार करा. मला या सगळ्या कामात हाच क्षण सर्वांत मोलाचा वाटतो.

सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा काही मिलिमीटरचाच असेल. टाय रॉडचे क्लॅम्प सैल करा. त्याच्या एका टोकाला उजवे आटे, दुसऱ्याला डावे, त्यामुळे रॉड फिरवला की दोन्ही टोकं एकदम लांबतात किंवा आखडतात. रॉड अॅक्सलच्या मागे असल्याने तो लांबवला की टो-इन वाढतो. अगदी थोडा फिरवा, गाडी पुढे घ्या, मोजा. जमलं की क्लॅम्प घट्ट आवळा, आणि आवळल्यावर पुन्हा एकदा मोजा.

मग रिकाम्या रस्त्यावर सावकाश चालवा. गाडी डावीकडे जराशी ओढली, तर लगेच पाना काढू नका. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला कडेकडे उतार दिलेला असतो, आणि आपण डावीकडून चालतो. सपाट रस्त्यावरही ओढलीच, तर टायरची हवा आणि अडकणारा ब्रेक तपासा. टो चुकला की बहुधा टायर खाल्ला जातो. गाडी ओढण्याचं कारण सहसा दुसरीकडे असतं.