बॅरियर आणि कुंभाराचं गाढव

न्यायदर्शनात कारणाची परीक्षा कडक आहे. मडकं घडण्याआधी माती वाहून आणणारं गाढव तिथे होतं, म्हणून ते मडक्याचं कारण ठरत नाही. आधी असूनही जे कार्याला लागत नाही, त्याला नैयायिक ‘अन्यथासिद्ध’ म्हणतात. सी भाषेत कर्नलचं काम करणाऱ्यांनी हीच कसोटी कंपायलर बॅरियरला, म्हणजे मेमरीतल्या वाचन-लेखनाचा क्रम कंपायलरने बदलू नये म्हणून कोडमध्ये घातलेल्या अडथळ्याला, लावावी, असं माझं ठाम मत आहे. बॅरियर लिहिला आणि प्रोग्राम नीट चालला, एवढ्यावरून तो बॅरियरमुळे चालला हे सिद्ध होत नाही.

कंपायलर मेमरीतल्या वाचन-लेखनाचा क्रम बदलतो, पण तो कोड चालवणाऱ्या थ्रेडला स्वतःला फरक कळणार नाही अशा बेताने. म्हणजे क्रमाचा प्रश्न दुसरं कुणी पाहणारं असेल तरच उभा राहतो: दुसरा थ्रेड, इंटरप्ट हँडलर किंवा एखादं उपकरण. ज्या लोकल व्हेरिएबलचा पत्ता फंक्शनबाहेर गेलाच नाही, त्याच्यासाठी बॅरियर निरर्थक आहे. लॉकखालच्या डेटाचंही तसंच. तो हाताळणारे सगळे तेच लॉक घेत असतील तर आतला क्रम कुणाला दिसतच नाही, आणि लॉक घेण्या-सोडण्यातच लागणारा बॅरियर असतो. कुणी म्हणेल, असला जास्तीचा तर बिघडलं काय, त्यातून मशीनची एकही सूचना तयार होत नाही! खरं आहे, पण रजिस्टरमध्ये धरलेली मूल्यं सोडून ती पुन्हा मेमरीतून वाचावी लागतात. त्याहून वाईट म्हणजे पुढचा वाचणारा नसलेला साक्षीदार शोधत बसतो. शिवाय प्रोसेसरने क्रम बदलला तर कंपायलर बॅरियर त्याला रोखू शकत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. दुसऱ्या फाइलमधल्या फंक्शनच्या आत काय आहे ते कंपायलरला दिसत नाही, म्हणून ग्लोबल व्हेरिएबलचे व्यवहार तो त्या कॉलच्या पलीकडे हलवत नाही. मग तिथेही बॅरियर नकोच, असं अनेकजण धरून चालतात. पण लिंक-टाइम ऑप्टिमायझेशन सुरू केलं की आतलं दिसू लागतं. भाषेच्या नियमांतच थ्रेडना जागा नसेल, तर ते नुसते लायब्ररीतून पुरवून भागत नाही, हे संगणकशास्त्रज्ञ हान्स बोम यांनी 2005 मध्ये दाखवून दिलं. 2011 च्या सी मानकात थ्रेड आणि अ‍ॅटॉमिक भाषेतच आले. कंपायलरच्या अज्ञानावर उभी असलेली सुरक्षितता नैयायिकांच्या अर्थाने नियत, म्हणजे न चुकता असणारी, नाही. लॉकने दिलेली हमी नियत आहे. म्हणून बॅरियर लिहाल तिथे पाहणारा कोण, आणि वगळाल तिथे कोणत्या हमीवर, हे शेजारच्या कॉमेंटमध्ये नोंदवा.